मधला माणूस : गिरणीतील जॉबरपासून यंत्रबुद्धीपर्यंत

मालकांची चरित्रे लिहिली जातात. कामगारांच्या संपांचे इतिहासही, उशिरा का होईना, लिहिले गेले आहेत. ह्या दोहोंच्या मध्ये उभा राहून वरचा हुकूम खाली आणि खालची कुरकुर वर पोचविणारा जो माणूस, त्याची गोष्ट मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी गोष्टीत दोन ओळींपुरती येते. जॉबर, मुकादम, नायकीण, मास्तर, सुपरवायझर आणि आता मॅनेजर अशी त्याची नावे पालटत गेली. पगार पालटला, पोशाखही पालटला. उभे राहावयाची जागा तेवढी तीच राहिली.

यंदाच्या व्याख्यानमालेसाठी हा जुना विषय आम्ही काढला, ह्याला कारण आहे. वर्तमानपत्रांतून आणि कंपन्यांच्या पत्रकांतून सध्या एक सूर सतत ऐकू येतो. कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. हजेरी, पाळ्यांचे वेळापत्रक, मालाचा हिशेब, अहवाल ही कामे यंत्रच करील. तेव्हा मधल्या फळीतील अधिकाऱ्यांनी आता ‘सॉफ्ट स्किल्स’ म्हणजे मृदू कौशल्ये शिकावीत. ऐकून घ्यावे, समजावून सांगावे, माणसे सांभाळावीत. त्यासाठी दोन-दोन दिवसांची शिबिरे भरतात, शेवटी चहा होतो आणि प्रशस्तिपत्रे वाटली जातात. ह्या म्हणण्याची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ते अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे कोठे हरवले हे पाहावयाचे तर शंभर वर्षे मागे जावे लागते, कारण महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १९३१ साली एका सरकारी आयोगाने तो जवळजवळ ह्याच रूपात मांडला होता.

मुंबईत कापडाची गिरणी काढण्यासाठी कावसजी दावर ह्यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ साली ती गिरणी चालू झाली. पुढील चाळीस-पन्नास वर्षांत परळ-लालबागचे गिरणगाव उभे राहिले. खात्यांचे मास्तर आरंभी बहुतांशी लँकेशायरचे इंग्रज, नाहीतर पारशी. कामगार रत्नागिरी, सातारा, पुणे ह्या बाजूंचे. एकाची भाषा दुसऱ्यास येत नसे, आणि आली तरी एकमेकांच्या घरादाराची काहीच माहिती नसे. ही मधली पोकळी जॉबरने भरली. नोकरीवर घ्यावयाचे कोणाला हे तो ठरवी, काम शिकवी, साचा बिघडला तर दुरुस्त करून देई, रजेचा शब्द टाकी आणि मर्जी फिरली की घरी बसवी. बायकांच्या खात्यांत, म्हणजे रीळ आणि वाइंडिंगमध्ये, हेच काम नायकीण करी. सकाळी भोंगा झाला की दाराशी बदली कामगारांची गर्दी उभी असे. आज कोणाचा खाडा झाला आहे आणि त्याच्या जागी कोणाला आत घ्यावयाचे, हे जॉबरच्या बोटावर असे.

जॉबरची सत्ता गिरणीच्या फाटकाशी संपत नव्हती. गावाहून आलेल्या पोराला तो खोलीत जागा मिळवून देई, खानावळीत ओळख करून देई, वाण्याकडे आणि सावकाराकडे जामीन राही. ह्या सगळ्याची वसुली दस्तुरीच्या रूपाने होई. दस्तुरी दिल्याशिवाय काम नाही आणि दिली तरी ते टिकेल ह्याची शाश्वती नाही, असा तो कारभार. तो माणसे ओळखे ह्यात संशय नाही; पण कोणाची माणसे? बहुतेक आपल्या गावची, आपल्या जातीची. अस्पृश्य मानलेल्या कामगारांस साचेखात्यात, म्हणजे जास्त मिळकतीच्या विणाईच्या कामात, प्रवेश नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना विटाळाची भीती वाटे, असे त्याचे कारण सांगितले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. तेव्हा ज्यास आज ‘माणसे जोडण्याचे कौशल्य’ म्हणतात ते जॉबरपाशी भरपूर होते, आणि त्याच कौशल्याने कित्येक माणसे बाहेर ठेवली गेली, हे दोन्ही एकदमच ध्यानात घेतले पाहिजे.

तथापि जॉबर म्हणजे केवळ एक राक्षस, असे जे चित्र पुष्कळ ठिकाणी रंगविलेले असते, ते आम्हांस पटत नाही. त्याला खालची माणसे टिकवावी लागत. साच्यांवर माणसे कमी पडली तर मास्तर त्यालाच धरी, म्हणून खालच्यांचे त्याला काही अंशी ऐकावेच लागे. संपाच्या वेळी मालकाची बाजू सोडून कामगारांबरोबर बाहेर पडलेले जॉबरही थोडे नव्हते. आणि मधल्या जागेवरून काय करता येते ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण तर जॉबरचे नव्हेच. नारायण मेघाजी लोखंडे हे मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. हिशेब, माल आणि कामगार ह्यांच्या मधोमध त्यांची खुर्ची होती. तेथे बसून त्यांनी कामगारांचे हाल पाहिले, ‘दीनबंधु’तून ते लिहिले, गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. परळच्या ज्या सरकारी संस्थेत आज कामगारविषयक शिक्षण दिले जाते, तिला लोखंड्यांचे नाव आहे. तेथे शिकून मधल्या जागी जाणाऱ्या तरुणांनी ह्या स्टोअरकीपरची आठवण ठेवली तर बरे.

१९२८ साली काय झाले ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण आजच्या गोष्टीशी त्याचे नाते अगदी जवळचे आहे. परदेशी स्पर्धेमुळे धंद्याला मंदी आली होती. ससून गटाच्या गिरण्यांनी ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली नवी पद्धत आणली : विणकराने दोनाऐवजी तीन साचे सांभाळावयाचे आणि सूतखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू. कागदावर हिशेब बिनचूक होता. परंतु ज्याच्या हातापायांवर हा हिशेब बसवावयाचा होता त्याला आधी कोणी विचारले नव्हते, आणि ज्या जॉबरने तो समजावून द्यावयाचा त्यालाही तो बाहेरूनच कळला होता. कमी झालेली माणसे कोठे जातील, वाढलेल्या कामाचा मोबदला काय, सूत वाईट निघाले तर दंड कोणाला, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मधल्या माणसापाशी नव्हते. एप्रिलच्या अखेरीस सार्वत्रिक संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले.

त्या संपातून गिरणी कामगार युनियन, लोकांच्या भाषेत लाल बावटा, उभी राहिली आणि वर्षाअखेर तिची सभासदसंख्या ५४,००० वर गेली. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने ह्या आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे गिरणी-गिरणीतून निघालेल्या समित्या. खात्यात तक्रार झाली की कामगार जॉबरकडे न जाता समितीच्या माणसाकडे जाऊ लागला, आणि समितीचा माणूस सरळ मास्तरापुढे उभा राहू लागला. खालून निवडलेला असा मधला माणूस मुंबईने एवढ्या संख्येने प्रथमच पाहिला. त्याला कोणी शिबिरात शिकविले नव्हते. बोलावे कसे, थांबावे कोठे, खोटी तक्रार परत कशी पाठवावी, हे तो रोजच्या कामात शिकत होता. त्याच्या चुकाही पुष्कळ झाल्या. मालकांनी ह्या समित्यांना मान्यता देण्याचे नाकारले, त्यांच्या सभासदांस कामावरून कमी केले, आणि १९२९ चा संप फसल्यानंतर त्या मोडून पडल्या.

त्याच वर्षी व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९३१ साली निघाला. जॉबरच्या हातातून भरती आणि बडतर्फी काढून घ्यावी आणि गिरणीत लेबर ऑफिसर नेमावा, तो थेट मुख्य व्यवस्थापकालाच जबाबदार असावा, अशी शिफारस त्यात आहे. हा अधिकारी कसा असावा हेही आयोगाने सांगितले : सचोटीचा, उत्साही, व्यक्तिमत्त्व असलेला, माणूस समजून घेण्याची हातोटी असलेला आणि कामगारांच्या भाषा जाणणारा. आजच्या कोणत्याही शिबिराची विषयपत्रिका काढून शेजारी ठेवा. नव्वद वर्षांपूर्वीची यादी तिच्यापुढे फिकी पडणार नाही.

मग तसे अधिकारी आले. १९३४ च्या कायद्याने मुंबई सरकारने एक लेबर ऑफिसर नेमला, मालकसंघानेही आपला एक नेमला. ज्या कामगारांना स्वतःचे प्रतिनिधी नाहीत त्यांच्या वतीने सरकारी अधिकाऱ्याने बोलावे अशी तरतूद होती. त्याच वर्षी मोठा संप मोडला होता आणि युनियनचे पुढारी तुरुंगात किंवा कामाबाहेर होते. तेव्हा कामगारांना प्रतिनिधी का नव्हते हे निराळे सांगावयास नको. पुढच्या वर्षी बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली. कार्डवाल्यांतूनच रोजची बदली भरावयाची, म्हणजे जॉबरच्या बोटाला लगाम. ही सुधारणा खरी होती आणि तिने दस्तुरीला काही प्रमाणात आळा बसला, हे आमच्या पंथाच्या लोकांनीही मान्य केले पाहिजे. १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली आणि तेथून शिकलेले तरुण कारखान्यांत जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले.

ह्या अधिकाऱ्यांत चांगली माणसे पुष्कळ होऊन गेली. तरीही कामगारांत त्यांच्याविषयी एक ठरलेला शेरा असे : साहेब बोलतो गोड, करीत काही नाही. ह्यात त्या बिचाऱ्याचा दोष थोडा होता. त्याचा पगार मालक देई. उत्पादनाचा आकडा त्याच्या हाती नव्हता, पाळी त्याच्या हाती नव्हती, बढती तर नव्हतीच. कामगाराचे ऐकून तो एक टिपण लिही आणि ते टिपण वर जाऊन बसे. जॉबरच्या हाती सत्ता होती, तिच्यावर अंकुश नव्हता. कल्याण अधिकाऱ्याच्या तोंडी सौजन्य होते, हाती सत्ता नव्हती.

अमेरिकेतही ह्याच सुमारास हेच चालले होते. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ ह्या काळात प्रसिद्ध प्रयोग झाले, आणि त्यांत वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. नुसते मन मोकळे करू दिले तरी माणसाला बरे वाटते, असा त्यांचा एक निष्कर्ष. मग १९३६ पासून त्या कारखान्यात खास समुपदेशक नेमले गेले. त्यांनी खात्यांतून हिंडावयाचे, कामगाराचे सर्व काही ऐकून घ्यावयाचे, ते गुप्त ठेवावयाचे. पण कामाच्या बाबतीत काही बदल मात्र त्यांनी करावयाचा नाही. पंधरा-वीस वर्षांनी ती योजना गुंडाळली गेली. जेथे पाट खुपतो आहे तेथे तो बदलावयाचा नाही आणि बसणाऱ्याची विचारपूस मात्र करावयाची, हे किती दिवस चालणार!

दुसऱ्या महायुद्धात त्याच अमेरिकेत एक अधिक कामाची गोष्ट निघाली. कारखान्यांत नवखी माणसे लाखोंनी भरली गेली आणि त्यांच्यावर देखरेख करणारेही नवखेच. तेव्हा दहा-दहा सुपरवायझरांचा गट करून दहा तासांत शिकविण्याचे पाठ तयार करण्यात आले : काम कसे शिकवावे, कामाची पद्धत कशी सुधारावी, आणि माणसांशी संबंध कसे ठेवावेत. खिशात ठेवावयास एक छोटे कार्ड मिळे. १९४५ पर्यंत सोळा लाखांहून अधिक लोक हे पाठ शिकून गेले. युद्धानंतर जपानने ते मनावर घेतले. आपल्याकडे १९५२ ते १९५४ च्या दरम्यान आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे उत्पादकता मंडळ आले, त्याने मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत काम केले, आणि हे पाठही येथे येऊन पोचले. त्या कार्डावर एक अगदी साधी सूचना आहे, ती आम्हांस मोलाची वाटते : ज्या बदलाचा माणसावर परिणाम होणार आहे तो त्याला आधी सांगावा. १९२८ साली एवढे जरी पाळले असते तरी संप टळला असता असे आम्ही म्हणणार नाही. मजुरीचा प्रश्न होताच. परंतु सहा महिन्यांच्या उपासमारीत जो कडवटपणा साठला, त्यातला निदान काही कमी झाला असता.

अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होते. तेथल्या कॅलिको गिरणीने स्वयंचलित साचे आणले. एका खात्यात २२४ साचे, त्यांवर २९ कामगार, आणि त्या २९ जणांची कामे बारा प्रकारची. कोणी कांड्या भरावयाच्या, कोणी तुटका धागा जोडावयाचा, कोणी तेल द्यावयाचे. कोणाच्या वाट्याला किती साचे हे घड्याळ लावून, शास्त्रशुद्ध मोजून ठरविलेले. यंत्र उत्तम, हिशेब उत्तम. कापड मात्र ठरल्यापेक्षा कमी निघे आणि खराबी वाढलेली. १९५३ साली ए. के. राइस नावाचे लंडनचे एक संशोधक तेथे आले. त्यांच्या ध्यानात आले की ह्या २९ जणांना आपण कोणाच्या जोडीचे आहोत हेच कळत नाही. प्रत्येकाच्या वाट्याचे साचे निराळे असल्यामुळे कोणाचेही काम कोणाशी पुरते जुळत नव्हते, आणि सगळी बोलणी सुपरवायझराच्या डोक्यावर येऊन आदळत होती. मग गिरणीचे अधिकारी, सुपरवायझर आणि कामगार ह्यांच्याशी बोलून ठराविक साच्यांमागे एक छोटी टोळी, अशी रचना करण्यात आली. कामगारांनी ती उत्साहाने उचलली आणि आपापल्या टोळ्या स्वतःच जमविल्या. मध्यंतरी काही दिवस आकडे खाली-वर झाले, नंतर कापड वाढले आणि खराबी कमी झाली.

ह्या प्रयोगाची वाहवा पुष्कळ झाली आहे, पण ती बहुधा टोळीची होते. आमचे लक्ष सुपरवायझराकडे जाते. त्याला कोणी गोड बोलावयास शिकविले नव्हते. तक्रारीचे मूळ जेथे होते, ती कामाची वाटणीच बदलण्याची मुभा त्याला आणि कामगारांना मिळाली होती.

गिरण्यांचा पुढचा इतिहास सर्वांस माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखे राहिले नाही. जॉबर गेला. मुकादम मात्र गेला नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने बाजारातील आणि गोद्यांतील टोळ्यांच्या मजुरीचा हिशेब मंडळाकडे दिला आणि हमालाच्या घामातून कापून घेणाऱ्या दलालाला बाजूला सारले, हे आण्णासाहेब पाटलांच्या चळवळीचे श्रेय. पण शेतात तसे झाले नाही.

आपल्या धाराशिव जिल्ह्याला गिरणी होती कोठे? निजामाच्या राज्यात कारखानदारी फारशी आली नाही. आपली माणसे बार्शीला आणि सोलापूरला गिरण्यांत गेली. साखर कारखाने आले ते महाराष्ट्र झाल्यानंतर, ढोकीच्या तेरणा कारखान्यापासून पुढे. आणि आजही दिवाळी झाली की कळंब, भूम, वाशी, परंडा ह्या बाजूंनी टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचल घेऊन मुकादम ती कोयत्यांत वाटतो आणि हंगामभर ती कामातून फेडून घेतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या मजुरीत ३४ टक्क्यांची वाढ ठरली, तेव्हा मुकादमाच्या कमिशनातही एक टक्क्याची भर पडली. शंभर वर्षांपूर्वीचा जॉबर पाहावयाचा असेल तर संग्रहालयात जाण्याची गरज नाही, उसाच्या फडात जावे.

एकाच फडातील दोन टोळ्या आम्ही पाहिल्या आहेत. एका टोळीत पहाटे एक बाई मुकादमाला म्हणाली, “दादा, आज उठवंना मला.” तो म्हणाला, “पड आक्का. तुझ्या मोळ्या आमी बांधतो.” त्या दिवशीचा ऊस इतरांनी ओढला आणि वहीत काही लिहिले गेले नाही. पलीकडच्या टोळीत वही चोख होती. तिथे खाडा म्हणजे खाडा, आणि त्याचा दंड दिवसाच्या मजुरीहूनही जास्त. ह्या दंडाची किंमत कोठपर्यंत जाते हे बीड जिल्ह्याने दाखविले. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात आला आणि नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, दंड बसू नये, हे त्यामागचे एक कारण म्हणून स्वतः बायकांनी सांगितले. पहिल्या टोळीच्या मुकादमाचे आम्हांस कौतुक वाटले. पण त्या बाईचा दिवस त्याच्या स्वभावावर अवलंबून होता, हेही खरे. उद्या तो आजारी पडला आणि दुसरा मुकादम आला तर तिच्यापाशी दाखवावयास कागद नाही.

आता ही वही यंत्राच्या हाती जाऊ लागली आहे. ऊस शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर बारामतीच्या कृषी संस्थेने २०२४ मध्ये दाखविला. पाठोपाठ २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण मंजूर केले. उपग्रहावरून पीक पाहणे, पाण्याचे आणि खताचे माप सांगणे, ह्यात वाईट असे काही नाही. आमचा शेतकरी भाऊ त्यातून वाचला तर आम्हांस आनंदच आहे. पण पिकाचे माप घेणारे यंत्र माणसाचेही माप घेऊ लागते, आणि शहरांत ते केव्हाच सुरू झाले आहे. घरोघरी जेवण आणि सामान पोचविणाऱ्या पोरांना मुकादम नाही. फोन सांगतो कोठे जा, फोनच गुण देतो आणि फोनच काम बंद करतो. खाडा का झाला हे विचारणारेही कोणी उरलेले नाही.

आणि जेथे मधला माणूस अजून आहे तेथे त्याची दशा काय? एका कारखान्यातील पाळीप्रमुखांच्या शिबिराला आम्हांस दोन शब्द बोलावयास बोलाविले होते. पाळ्या यंत्र लावत होते. सकाळभर ‘सहानुभूतीने ऐकणे’ ह्या विषयावर व्याख्यान झाले होते आणि ते वाईट नव्हते. आम्ही एवढेच विचारले, की एखाद्या कामगाराने सांगितले, माझी आई दवाखान्यात आहे, मला रात्रपाळी नको, आणि तुम्हांस ते खरे वाटले, तर तुम्ही त्याची पाळी बदलू शकता काय? मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मग मागून एक तरुण म्हणाला, “साहेब, आमच्या लॉगिनला ते बटणच नाही.”

हा तरुण कायद्याच्या दृष्टीने कोण? औद्योगिक विवाद कायद्यात देखरेख करणारा माणूस ठराविक पगारापर्यंतच ‘कामगार’ समजला जाई. ही मर्यादा पुष्कळ वर्षे १,६०० रुपये होती, २०१० मध्ये ती १०,००० झाली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती १८,००० आहे. त्याच्या वर पगार गेला की तो कामगार नाही. त्याच्यासाठी ना विवाद, ना संरक्षण. मालकही तो नाहीच. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे १२,००० माणसे, म्हणजे एकूण नोकरवर्गाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणीतील असतील असे सांगितले गेले. कृत्रिम बुद्धिमत्ता हे त्याचे कारण नव्हे, असे कंपनीच्या प्रमुखांनी म्हटले. ते तसे असेलही. परंतु उद्या आपले काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याने दुसऱ्यास धीर द्यावा अशी आपण अपेक्षा करतो आहोत. बदल आधी सांगा, असे ते जुने कार्ड म्हणते. आजच्या पाळीप्रमुखाला तो बदल स्वतःलाच सकाळी पडद्यावर दिसतो.

आमच्या चळवळीतही मधल्या माणसाकडे मालकाचा कुत्रा म्हणून पाहण्याची खोड आहे. ती सोडण्याची वेळ आली आहे असे आमचे मत आहे, आणि ते आमच्याच काही सहकाऱ्यांना रुचणार नाही. ज्या तरुणाने बटण नाही असे सांगितले तो त्या क्षणी खरे बोलत होता, आणि तसे बोलणे त्याच्या नोकरीच्या दृष्टीने सोपे नव्हते. आपल्या तक्रारीची दाद लावावयाची तर त्याच्या हाती बटण आले पाहिजे, ही मागणी आपण आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजे. अधिकाराबरोबर अंकुशही पाहिजेच. जॉबरचा इतिहास आपण विसरलेलो नाही. यंत्राचा निर्णय फिरविला तर तो का फिरविला हे लिहून ठेवावे, नाही फिरविला तर तेही लिहावे, आणि ही नोंद कामगारांच्या प्रतिनिधीला पाहता यावी.

असे कोठे झाले आहे काय, हा प्रश्न रास्त आहे. युरोपीय संघाने २०२४ साली फोनवरून काम घेणाऱ्या कंपन्यांसाठी निर्देश काढला. कामगाराचे खाते बंद करणे, त्याला कामावरून काढणे ह्यांसारखे निर्णय यंत्राने घ्यावयाचे नाहीत, ते माणसानेच घ्यावयाचे. यंत्राच्या निर्णयांवर देखरेख करणाऱ्या माणसांना ते फिरविण्याचा अधिकार असावा आणि त्याबद्दल त्यांना शिक्षा होऊ नये, असे त्यात आहे. सभासद राष्ट्रांनी आपले कायदे त्याप्रमाणे करण्याची मुदत डिसेंबर २०२६ ची आहे. म्हणजे एवढी यंत्रे करून झाल्यावर तेथे मधल्या माणसाला कायद्याने परत बोलाविण्यात आले, आणि ह्या वेळी त्याच्या हाती नुसते सौजन्य दिलेले नाही.

आपल्या संहितेत एवढे नाही. मात्र वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण समिती असावी, तीत मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारखे असावेत, स्त्रियांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात, आणि तक्रारीचा निकाल तीस दिवसांत लागावा, असे तीत लिहिलेले आहे. तीस दिवस हे रात्रपाळीच्या प्रश्नाला फार उशिराचे आहेत. तरी १९२८ च्या गिरणी समित्यांना जी मान्यता मिळाली नाही ती येथे निदान कागदावर आहे. आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे कामाला असलेले कारखाने, जिनिंग, दवाखाने, शाळा, दुकाने किती आणि त्यांपैकी कोठे अशी समिती बसली आहे, ह्याची पाहणी पावसाळ्यापूर्वी करण्याचे आमच्या संघटनेने ठरविले आहे. ज्यांना ह्या कामी हातभार लावावयाचा असेल, मग ते कामगार असोत वा सुपरवायझर, त्यांनी व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाजवळच्या वहीत नाव लिहावे.